बाकावरची दुसरी जागा : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या असिस्टंट कोचची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९९७ मध्ये डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं प्रशिक्षकपद सोडलं. हंगामाचा सराव सुरू व्हायला मोजकेच दिवस उरले होते. ३६ हंगाम, ८७९ विजय. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत तोवर एवढे विजय कुणाच्याच नावावर नव्हते. अशा माणसाच्या जागी आले बिल गथरिज, वय ६०. विद्यापीठाला बाहेर शोधाशोध करावी लागली नाही. गथरिज १९६७ पासून, म्हणजे तब्बल ३० वर्षं, त्याच बाकावर स्मिथ यांच्या शेजारी बसत आले होते.

कॉलेजचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि टाळ्या वाजवणारे चार मित्र येतात. तिकडचं प्रकरण वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या स्टेडियममध्ये २१ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात, सामने देशभर टीव्हीवर दिसतात आणि हेड कोचचा पगार कित्येकदा विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा मोठा असतो. त्याच्या शेजारी कोट घालून बसलेल्या दोन-तीन माणसांची नावं मात्र कट्टर चाहते सोडले तर फारशी कुणाला माहीत नसतात. असिस्टंट कोच दिसला की लोक एकच विचारतात, हा हेड कोच कधी होणार? या प्रश्नामुळे त्या माणसाचं खरं काम नजरेआड होतं, असं मला वाटतं.

या परंपरेची मुळं कॅन्सस राज्यात आहेत. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात होते. त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग अ‍ॅलन तिथेच मोठे प्रशिक्षक झाले. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं नेस्मिथ यांनी अ‍ॅलनना बजावल्याचं सांगतात. डीन स्मिथ हे अ‍ॅलन यांच्याकडे खेळले आणि नंतर काही काळ त्यांचेच सहायक झाले. पुढे एअर फोर्स अकॅडमीत आणि मग १९५८ पासून नॉर्थ कॅरोलायनात फ्रँक मॅग्वायर यांच्या हाताखाली त्यांनी हेच काम केलं. १९६१ मध्ये मॅग्वायर गेले आणि तिशीतल्या स्मिथ यांच्याकडे संघ आला.

गथरिजही कॅन्ससचेच, पार्सन्स गावचे. कॅन्सस स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात ते टेक्स विंटर यांच्याकडे खेळले आणि तिथेच सहायक झाले. विंटर यांची स्वतःची वाट तर पुढे उलट्या दिशेने गेली. अनेक वर्षं हेड कोच राहून ते १९८५ मध्ये शिकागो बुल्स या व्यावसायिक संघाचे असिस्टंट झाले आणि त्यांच्या ‘ट्रँगल’ या आक्रमणाच्या पद्धतीवर मायकेल जॉर्डनच्या बुल्सनी एनबीए या व्यावसायिक लीगची सहा विजेतेपदं मिळवली. पद खालचं म्हणून काम खालचं ठरत नाही याला याहून चांगला दाखला शोधायची गरज नाही.

असिस्टंट दिवसभर करतो तरी काय? मोठं काम म्हणजे ‘स्काउट’. पुढचे प्रतिस्पर्धी संघ सहायकांमध्ये वाटून दिलेले असतात. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याने त्याचे अलीकडचे सामने पुन्हा पुन्हा बघायचे. त्यांचा पॉइंट गार्ड (चाली सुरू करून देणारा खेळाडू) दबावाखाली कुठल्या हाताने ड्रिबल करतो, टाइमआउटनंतर पहिली चाल कुठली लावतात, कुणाला फाउल केलं तर फ्री थ्रो हुकण्याची शक्यता जास्त, हे सगळं टिपून कागदावर आणायचं. मग राखीव खेळाडूंना हाताशी धरून सरावात त्या संघाच्या चाली हुबेहूब वठवून घ्यायच्या. सामना जिंकला की टीव्हीच्या मुलाखतीला हेड कोच जातो आणि असिस्टंट पुढच्या संघाचे व्हिडिओ उघडून बसतो. याशिवाय रिक्रूटिंग, म्हणजे संघासाठी नवे खेळाडू मिळवणं : शाळांच्या जिममध्ये तासन्‌तास बसणं, मुलांच्या आईवडिलांशी, शाळेच्या कोचशी वर्षानुवर्षं संबंध राखणं. गथरिज यांच्याकडे उंच खेळाडूंना घडवायचं आणि नेमबाजी सुधारायचं काम होतं, शिवाय शिस्त आणि वक्तशीरपणा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्मिथ यांच्या सुवर्णविजेत्या अमेरिकी संघाच्या सहायकांतही ते होते. १९७८ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचं हेड कोचपद जवळजवळ घेतलंच होतं, पण ऐनवेळी त्यांनी मन बदललं आणि ते चॅपल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, परतले.

त्याच १९७८ साली चॅपल हिलमध्ये एक तरुण अर्धवेळ सहायक दाखल झाला, रॉय विल्यम्स. शाळेतली कायमची नोकरी सोडून आलेला. पगार वर्षाला २,७०० डॉलर. घर चालेना म्हणून तो संघाची कॅलेंडरं दुकानोदुकानी विकायचा. रविवारी पहाटे स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाची टेप गाडीत टाकून ग्रीन्सबरो, अ‍ॅशव्हिलच्या वाहिन्यांपर्यंत पोचवायचा. दहा वर्षं असं काढल्यावर १९८८ मध्ये, कॉलेजात हेड कोचपदाचा एक दिवसाचाही अनुभव नसताना, कॅन्ससने आपला संघ त्याच्या हाती दिला. पुढे नॉर्थ कॅरोलायनात परतून त्याने २००५, २००९ आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

विल्यम्स यांची गोष्ट सांगताना लोक रमतात, मात्र त्या २,७०० डॉलरांचा दुसरा अर्थ सहज निसटतो. बाकावरची शेवटची जागा स्वस्तात भरायची, हे सगळीकडे गृहीतच होतं. काही विद्यापीठं अशा ‘अर्धवेळ’ माणसाला उन्हाळी शिबिरांच्या कमाईतून ६०-७० हजार डॉलरही देत, बाकीची मात्र हात आखडता घेत. जानेवारी १९९१ मध्ये एनसीएए या नियामक संघटनेने यावर नियम केला. पहिल्या श्रेणीतल्या पुरुष बास्केटबॉल संघाला एक हेड कोच, दोन सहायक आणि एक ‘रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज’, म्हणजे मर्यादित कमाईचा, कोच. या चौथ्याला शैक्षणिक वर्षाचे जास्तीत जास्त १२ हजार आणि उन्हाळ्याचे ४ हजार, वर्षाचे मिळून १६ हजार डॉलर. १९९२ च्या ऑगस्टपासून अंमल सुरू झाला. हेड कोचच्या पगाराला मर्यादा नव्हती. खर्च कमी करायचा होता, तो सगळ्यात कमी मिळवणाऱ्याच्या खिशातून.

नॉर्मन लॉ आणि इतर काही कोच कॅन्ससच्या फेडरल कोर्टात गेले. सगळ्या विद्यापीठांनी मिळून पगार ठरवणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. नवख्यांसाठी जागा राखणं, काटकसर आणि संघांमधला समतोल ही एनसीएएची तीन समर्थनं. १९९५ मध्ये न्यायालयाने कोचांच्या बाजूने कौल दिला आणि जानेवारी १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. खर्च वाचवायचा म्हणून पगार बांधून टाकणं स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. ज्युरीने ठरवलेली भरपाई कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन सुमारे ६.७ कोटी डॉलरवर गेली. अखेर १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आज कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याचे खटले गाजतात. त्याच कायद्याच्या आधारे एनसीएएला नमवण्याचं काम बाकावरच्या या शेवटच्या माणसांनी आधीच केलं होतं. त्यांची आठवण फारशी निघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या पेशाची काळी बाजूही आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने लाचखोरीच्या प्रकरणात ज्यांना अटक केली त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, अ‍ॅरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांचे असिस्टंट कोच होते. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्या खेळाडूंना ठरावीक एजंट आणि सल्लागारांकडे वळवायचं, त्याबदल्यात पैसे घ्यायचे, असा आरोप. चौघांनी पुढे गुन्हा कबूल केला. एजंटांनी नेमकं त्यांनाच का गाठलं, हे त्यांच्या कामातच दिसतं : मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा विश्वास सहायकाने कमावलेला असतो. चुकीला माफी नाही, पण त्या प्रकरणात एकाही हेड कोचवर फौजदारी आरोप झाला नाही, हेही नोंदवायला हवं.

गथरिज यांच्याकडे वळू. १९९७-९८ च्या संघात अँटवन जेमिसन, व्हिन्स कार्टर आणि आणखी चार असे सहा जण सुरुवातीच्या पाचात खेळण्याच्या तोडीचे होते. गथरिज यांनी पाळी लावली. दर सामन्यात सहापैकी एक जण बाकावरून सुरुवात करायचा. कुणाची कुठे दुखरी नस आहे हे ३० वर्षं मुलांच्या जवळ राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. त्या हंगामात ३४ विजय, ४ पराभव आणि राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. २००० मध्ये अडखळत चाललेला संघ घेऊन ते पुन्हा उपांत्य फेरीत पोचले. तीन हंगामांत ८० विजय आणि २८ पराभव झाल्यावर त्यांनी स्वतःहून पद सोडलं.

ही साखळी अजून चालू आहे. २०२२ ची राष्ट्रीय अंतिम लढत नॉर्थ कॅरोलायना आणि कॅन्सस यांच्यात झाली. एका बाकावर ह्युबर्ट डेव्हिस, नऊ हंगाम रॉय विल्यम्स यांचे असिस्टंट. दुसऱ्या बाकावर बिल सेल्फ, १९८५-८६ मध्ये कॅन्ससमध्येच ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता काम करणारा सहायक. कॅन्ससने ७२-६९ ने बाजी मारली. १ जुलै २०२३ पासून पहिल्या श्रेणीतल्या संघांना तीनऐवजी पाच सहायक ठेवायची परवानगी मिळाली, मात्र बाहेर फिरून रिक्रूटिंग करायची मुभा तेव्हा त्यांतल्या तिघांनाच होती.