व्याकरण बिनचूक, तरी इंग्रजी खटकतं कशामुळे?

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्यांच्या निबंधात कधी कधी व्याकरणाची एकही चूक सापडत नाही, तरी वाचताना काहीतरी खटकत राहतं. दोष बहुधा शब्दांच्या जोड्यांत असतो. इंग्रजीत पाऊस 'हेवी', पण वारा 'स्ट्राँग'. 'मिस्टेक' असेल तर 'मेक', 'होमवर्क' असेल तर 'डू'. का, याला नियम नाही, वहिवाट आहे.

अशा जोड्या मोजता येऊ लागल्या त्या विद्यार्थ्यांच्या लेखनाचे मोठे संग्रह, म्हणजे कॉर्पस, तयार झाल्यावर. बेल्जियममधल्या भाषाशास्त्रज्ञ सिल्वियान ग्रँजर यांनी १९९० मध्ये असं काम सुरू केलं. फ्रेंचभाषक विद्यार्थी 'कम्प्लीटली' आणि 'टोटली' गरजेपेक्षा जास्त वापरतात, 'हायली' मात्र कमी, असं त्यांना आढळलं. हक्काचे शब्द हाताशी असले की लिहिणारा त्यांनाच धरून राहतो.

२००९ मध्ये फिलिप ड्युरंट आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी याहून बारीक फरक दाखवला, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. 'गुड एग्झाम्पल' ही जोडी पदोपदी भेटते; पण 'गुड' कोणाशीही जुळतो, त्यामुळे त्या दोघांचं नातं सैलच. 'डेन्सली' हा शब्द मुळात क्वचित येतो, पण आला की पाठोपाठ 'पॉप्युलेटेड' येण्याची शक्यता खूप मोठी ('डेन्सली पॉप्युलेटेड' म्हणजे दाट वस्तीचा). शिकणारे पहिल्या प्रकारच्या जोड्या भरपूर वापरतात, दुसऱ्या प्रकारच्या फार कमी. आणि मातृभाषकांच्या कानाला ओळखीच्या वाटतात त्या नेमक्या या दुसऱ्या.

चुकतं कुठे? जर्मन विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना नाद्या नेसेलहाउफ यांना दिसलं, की सर्वाधिक चूक क्रियापदाच्या निवडीत होते. जर्मनमध्ये गृहपाठाला 'माखेन' (म्हणजे 'करणं', इंग्रजी 'मेक'शी मिळतंजुळतं) लागतं, म्हणून इंग्रजीतही 'मेक होमवर्क' उतरतं. 'मेक' आणि 'होमवर्क' दोन्ही पहिल्याच वर्षी शिकलेले शब्द! सोपे म्हणूनच त्यांच्याकडे लक्ष जात नाही. शब्दार्थांच्या वहीत सुटे शब्द लिहून घेण्याची सवय मला इथे घातक वाटते; नाम लिहिताना त्याचं क्रियापदही शेजारी लिहायला हवं.

नुसत्या सरावाने हे सुटत नाही. हिब्रूभाषक विद्यार्थ्यांच्या तीन पातळ्यांची तुलना बातिया लाउफर आणि टीना वॉल्डमन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. वरच्या पातळीवर योग्य जोड्यांची संख्या वाढली होती, पण मातृभाषेतून आलेल्या चुका तिथेही टिकून होत्या.