धक्का लागला की धक्का दिला?

खानापूरकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीनं परवा विचारलं, "सर, फॉरेन्सिक सायकॉलॉजीला जायचं म्हटलं तर काय वाचू ओ?" फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारं मानसशास्त्र; पण खुन्याच्या डोळ्यांत बघून मन ओळखायचं, असलं काहीतरी तिनं मालिकांत पाहिलेलं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'त्याला माझा धक्का लागला' आणि 'मी त्याला धक्का दिला'. एकात अपघात, दुसऱ्यात हेतू. बेळगावात माणूस मराठीत सांगतो, जबानी कन्नडमध्ये उतरते; घाईत 'लागला'चं 'तळ्ळिद', म्हणजे 'ढकललं', झालं की प्रकरणाचा रंगच पालटला.

क्रियापद साक्षीदाराची आठवणसुद्धा बदलतं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताच्या फिल्म दाखवल्या. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती?' असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल, 'जोरात आदळल्या' म्हटलं की ४०च्या वर. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती! ही मुलं खोटं बोलत नव्हती. आठवण दर वेळी नव्यानं रचली जाते आणि प्रश्नातला शब्द गुपचूप तिच्यात मिसळतो.

या क्षेत्रातलं बरंचसं काम असंच, शब्द जपण्याचं. लहान मुलाला उत्तर न सुचवता बोलतं करायचं; आरोपीला खटला समजतो का ते पाहायचं; गुन्ह्याच्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती ते तपासायचं (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं २२). हिंडलग्यासारख्या कारागृहातल्या कैद्यांची मनंही यातच आली. औषध देऊन माणसाला बोलतं करायच्या नार्को चाचणीची जादू मात्र विसरा: २०१० मध्ये 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडायची यंत्रचाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) करायला मनाई केली.

वाट सरळ आहे, पण लांब. आधी मानसशास्त्राची पदवी, मग एम. ए. किंवा एम. एस्सी.; गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक सायकॉलॉजी हाच विषय शिकवतात. रुग्ण तपासायचे तर क्लिनिकलचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी.

"आणि शाळेतलं कन्नड विसरू नकोस," मी म्हटलं. तिनं वहीत 'तळ्ळिद' लिहून घेतलं. "मग 'धक्का लागला'ला कन्नडात काय म्हणायचं ओ, सर?"

ते मला चटकन सांगता येईना.