चार वॅट, चॅनल एकोणीस आणि मोठ्या आवाजाचा सोस

अमेरिकेत महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर डिझेल, कॉफी आणि अंघोळीची सोय असते. त्याच छताखाली एका कोपऱ्यात अजूनही सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठीच्या बिनतारी रेडिओचं सामान विकायला दिसतं. साधा संच शे-दीडशे डॉलरचा, कायद्याने ठरवून दिलेल्या चार वॅटचा. त्याच्या शेजारी क्रोमने चकाकणारा, बटणांनी भरलेला, दुप्पट-तिप्पट किमतीचा संच. आणि ओळख निघाली तर काउंटरखालून आणखी काहीतरी. ट्रक चालवण्याचा परवाना नुकताच हातात पडलेला चालक तिथे उभा राहून विचारतो, 'मला यातलं नक्की काय लागेल?' विकणाऱ्याचं उत्तर काय असणार, ते सांगायला नको.

माझं उत्तर असं आहे की साधा संच पुरतो, खर्च करायचाच तर अँटेनावर करावा. पण ट्रक चालवायचा तर दणदणीत रेडिओ हवा, ही समजूत आली कुठून, हे मला जास्त रंजक वाटतं. ती अंतराच्या गरजेतून आलेली नाही. ती आली गर्दीतून, आणि ती गर्दी पांगूनही आता बराच काळ लोटला.

सामान्य नागरिकाला स्वतःच्या कामासाठी बिनतारी संच वापरता यावा, ही कल्पना अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, 1945 मध्ये मांडली. पण तेव्हा दिलेल्या वारंवारता फार वरच्या होत्या, 460 मेगाहर्ट्झच्या पुढच्या. तिथे चालणारे संच बनवणं महागात पडायचं. मग 1958 मध्ये आयोगाने हौशी रेडिओवाल्यांकडचा, म्हणजे 'हॅम' मंडळींकडचा, 11 मीटरचा पट्टा काढून घेतला आणि 27 मेगाहर्ट्झच्या आसपास 23 चॅनल नागरिकांना खुले केले. हॅम मंडळींच्या मनातून ती सल पुढे कित्येक वर्षं गेली नाही. शक्तीची मर्यादा 5 वॅट; ती संचाच्या शेवटच्या टप्प्यात आत जाणाऱ्या विजेवर मोजलेली. पुढे नियम बाहेर पडणाऱ्या शक्तीवर आला आणि 4 वॅट हा आकडा कायम झाला. सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची एकच बाजू पाठवण्याच्या पद्धतीत बोलणाऱ्याला 12 वॅट. यात ट्रक कुणाच्या डोक्यातही नव्हता. प्लंबरने दुकानाशी बोलावं, शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून घरी निरोप द्यावा, एवढाच हिशेब होता. त्याला चार वॅट पुष्कळ होते.

ट्रकवाले मोठ्या संख्येने आले ते 1973 च्या तेलसंकटानंतर. अरब देशांनी ऑक्टोबरात तेल रोखलं, डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा लावणाऱ्या कायद्यावर सही केली. मैलावर पैसे मिळणाऱ्या माणसाला वेगमर्यादा म्हणजे थेट पगारकपात. डिसेंबर 1973 मध्येच चालकांनी महामार्ग अडवले होते, आणि ते आंदोलन बरंचसं या रेडिओवरूनच जुळवलेलं होतं. नंतर रोजचा उपयोग ठरला: पंप कुठे उघडा आहे, वजनकाटा चालू आहे का, पोलीस कुठल्या पुलाखाली दबा धरून बसलाय. पोलिसाला 'स्मोकी' हे नाव त्याच्या हॅटवरून पडलं, ती स्मोकी नावाच्या जाहिरातीतल्या अस्वलाच्या हॅटसारखी. चॅनल 9 आणीबाणीसाठी राखीव होतं. त्याला लागून असलेल्या 10 वर बोललं की आवाज 9 मध्ये झिरपायचा, म्हणून ट्रकवाले 19 वर सरकले आणि तिथेच राहिले.

इथवर ठीक होतं. पण मग सगळ्या देशालाच त्याचं वेड लागलं. परवान्याची फी 20 डॉलर होती, ती 1975 मध्ये 4 वर आणली. अर्ज महिन्याला लाखांच्या हिशेबात येऊ लागले. कागद वेळेत निघेनात, तेव्हा आयोगाने तात्पुरती सोय केली: के हे अक्षर, आपली आद्याक्षरं आणि आपला पिन कोड, झाला परवाना क्रमांक. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड 'फर्स्ट मामा' या टोपणनावाने रेडिओवर आल्या. 1 जानेवारी 1977 पासून चॅनलची संख्या 23 वरून 40 झाली, तरी शहरांजवळ कोंडी सुटेना.

गर्दी आणि शक्ती यांचा संबंध समजायला या रेडिओचं तंत्र थोडं पाहावं लागतं. सीबी मुख्यतः चालतो एएम पद्धतीवर, म्हणजे आवाजानुसार वाहक लहरीची उंची कमी-जास्त होते. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, तर दोघांच्या वाहक लहरी एकमेकींवर आदळून कान किटवणारी शिट्टी वाजते. त्या शिट्टीतून ज्याचा सिग्नल जड, त्याचेच शब्द थोडेफार निसटून बाहेर येतात. म्हणजे भरलेल्या चॅनलवर बोलायचं तर शेजाऱ्यापेक्षा जास्त वॅट हवेत. शेजाऱ्यालाही हाच शोध लागलेला असतो. विसर्जनाच्या दिवशी एकाच चौकात दोन मंडळांच्या भिंती समोरासमोर लागल्यावर जे होतं, तेच. बाजारात शंभर, दोनशे, पाचशे वॅटचे ॲम्प्लिफायर येऊ लागले. त्यांचा त्रास चॅनलच्या बाहेरही पोचायचा. 27 ची दुप्पट 54, आणि अमेरिकेतलं टीव्हीचं चॅनल 2 बरोबर 54 मेगाहर्ट्झला सुरू व्हायचं. घराशेजारी असा ट्रक उभा राहिला, की टीव्हीवरच्या चित्राचा चुराडा. 1978 मध्ये आयोगाने या पट्ट्यात चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचं उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली, हे वेगळं सांगायला नकोच. 1983 मध्ये परवान्याची अटही गेली आणि कोण बोलतंय हे शोधायला क्रमांकही उरला नाही.

मग गर्दी ओसरली. हौशी लोक आधी कंटाळले. 1988 पासून ट्रक कंपन्यांनी उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रणा गाड्यांत बसवायला घेतली, पुढे मोबाइल आला, आणि पोलीस कुठे आहे हे तर आता फोनवरचं ॲपच सांगतं. पण दुकानदारी टिकली. दहा मीटरच्या हौशी पट्ट्यासाठी म्हणून विकले जाणारे, आतली एखादी तार कापली की 27 वर उतरणारे संच आले. त्यांना 'एक्स्पोर्ट' रेडिओ म्हणतात. 'पीक अँड ट्यून' नावाचा धंदा सुरू झाला: पैसे घेऊन संच उघडायचा, आवाजाची मर्यादा राखणारा भाग काढून टाकायचा, पेच फिरवायचे, आणि मीटरचा काटा उंच उडालेला दाखवायचा. गिऱ्हाईक खूश. पलीकडे ऐकणाऱ्याला मात्र फाटका, शेजारच्या दोन चॅनलवर सांडणारा आवाज मिळतो. वर एको आणि बोलणं संपल्यावरचा बीप. हौस म्हणून माझी याला ना नाही. रात्रभर एकट्याने गाडी हाकणाऱ्याला आपल्या आवाजाला थोडी झालर लावावीशी वाटली, तर त्यात गुन्हा नाही. फक्त त्याला गरज म्हणू नये.

गरजेचा हिशेब असा. येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचं एक घर, म्हणजे एक एस-युनिट, चढायला चौपट शक्ती लागते. चारचे सोळा वॅट केले, तर ऐकणाऱ्याच्या काट्यावर एक घर. चारचे शंभर केले, तर सव्वादोन घरं. जमिनीलगत अंतराचं गणित आणखी कंजूष आहे: पंचवीसपट शक्ती घातली की पल्ला कागदावर जेमतेम सव्वादोन पट होतो. साधा, नीट बसवलेला संच मोकळ्या रस्त्यावर चार-पाच मैल सहज बोलतो. ताशी 65 मैलांनी जाताना पाच मैल म्हणजे साडेचार मिनिटांची पूर्वसूचना. पुढे अपघात झालाय, डावी मार्गिका बंद आहे, हे कळायला एवढं भरपूर झालं. तीस मैलांवरच्या अपघाताची बातमी कळून आत्ता करायचं तरी काय?

शिवाय ॲम्प्लिफायर फक्त तोंडाला लागतो, कानाला नाही. पाचशे वॅटवाला वीस मैलांवर ऐकू जातो, तिथला चार वॅटवाला त्याला उत्तर देतो, आणि ते याला ऐकूच येत नाही. रेडिओवाले अशा माणसाला मगर म्हणतात: जबडा मोठा, कानांचा पत्ता नाही. त्यात आजच्या ट्रकमध्ये इंजिनाचा संगणक, एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर इतकी असते, की अडचण बहुतेक वेळा ऐकण्याचीच निघते.

ऐकणं आणि बोलणं दोन्ही सुधारते ती अँटेना. या वारंवारतेची लहर 11 मीटरची. तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. एवढी काठी ट्रकच्या टपावर लावता येत नाही, कारण गाडी आधीच चार मीटरच्या आसपास उंच. म्हणून आरशांच्या कमानीवर सव्वा मीटरच्या, आत तार गुंडाळलेल्या फायबरग्लासच्या काठ्या आल्या. दोन आरशांवर दोन लावायची पद्धतही नुसत्या रुबाबाची नाही. गाडीची रुंदी पाव लहरीच्या जवळपास आहे, त्यामुळे जोडीचा जोर थोडा पुढे-मागे, म्हणजे रस्त्याच्याच दिशेने जातो. ट्रेलरच्या आडोशालाही तोड मिळते. पण जोडी जुळवणं किचकट असतं. एकच चांगली काठी, तिचा जमिनीचा जोड धातूला घट्ट लागलेला आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, जितकं एकच्या जवळ तितकं चांगलं) दीडच्या आत, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

ओळखीच्या एका चालकाने मला त्याची गाडी दाखवली होती. महागडा संच, वर ॲम्प्लिफायर, आणि तक्रार अशी की अर्ध्या मैलापलीकडचं कुणी बोलतच नाही. मीटर जोडला तर एसडब्ल्यूआर तीनच्या वर. केबल चाचपत गेलो, तर ती दाराच्या चौकटीतून आत घेतलेली. दार रोज वीस वेळा आपटून तिथे चपटी झालेली, आवरणातून तांब्याची जाळी डोकावत होती. आरशाच्या कमानीवर काठीचा पाया रंगावरच बसवलेला होता, म्हणजे धातूचा स्पर्शच नाही. रंग खरवडला, पंधरा-वीस डॉलरची नवी केबल दाराच्या बिजागरीकडून फिरवून घेतली, काठीच्या टोकाचा स्क्रू दोन-तीनदा फिरवून काटा दीडखाली आणला. ॲम्प्लिफायर बंद ठेवून त्याने चॅनल 19 वर आवाज दिला. समोरून येणाऱ्या एकाने उत्तर दिलं, तो कुठल्या मैलाच्या दगडापाशी आहे तेही सांगितलं. सहा मैलांवर होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी मनातच ठेवली, कारण कोंबडी त्याचीच होती.

एकोणीस नंबर आता शहरांजवळ तासन् तास गप्प असतो. वायोमिंग राज्यात बर्फामुळे महामार्ग थांबला की मात्र जागा होतो. कारखान्यांच्या फाटकावरही अमुक चॅनल लावा अशी पाटी दिसते आणि माल कुठल्या दाराशी लावायचा ते तिथून सांगतात. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलायला चार वॅटसुद्धा जास्तच.

भारतात या पट्ट्यातले पाच वॅटपर्यंतचे संच 2005 च्या नियमांनी परवानामुक्त केले, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पण तोवर हातात मोबाइल आला होता, आणि समोरच्याला पोलीस असल्याची खूण करायला डिपर तर आधीपासून होताच. त्यामुळे नाशिक किंवा कोल्हापूरच्या ट्रकमध्ये असा संच दिसत नाही, आणि वॅटची ती चढाओढही आपल्या वाट्याला आली नाही.

अमेरिकेत 2021 मध्ये आयोगाने सीबीवर एफएमलाही परवानगी दिली. आवाज स्वच्छ येतो, खरखर कमी, आणि दोघे एकदम बोलले तरी ती शिट्टी वाजत नाही. कारण एफएममध्ये ज्याचा सिग्नल जड, त्याचाच आवाज कानावर येतो आणि दुसरा जणू नव्हताच असा दबून जातो. शक्तीची मर्यादा पूर्वीचीच, चार वॅट.