लिनक्सचा फाइल मॅनेजर हाताला बसवताना

लिनक्सवर फाइल मॅनेजर आपल्या मनासारखा करायला बसलेले बहुतेक जण आधी आयकॉनचा संच बदलतात, मग खिडकीचा रंग, आणि तिथेच थांबतात. त्याने डोळ्यांना बरं वाटतं, पण रोजच्या कामातला एक क्लिकही वाचत नाही. वेळ वाचवणारे बदल होम फोल्डरमधल्या काही साध्या मजकूर-फाइलींत आणि ठरावीक नावांच्या फोल्डरांत दडलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच फाइली कुठल्याही एका प्रोग्रॅमच्या मालकीच्या नसतात. फ्रीडेस्कटॉप या मंचावर ठरलेल्या सामाईक नियमांनुसार नॉटिलस, नेमो, थुनार, डॉल्फिन या फाइल मॅनेजरांपैकी अनेकांना त्या वाचता येतात. म्हणून कुठला बदल कुठल्या फाइलीत नोंदला जातो हे कळलं, की उद्या फाइल मॅनेजर बदलला तरी केलेली मेहनत बऱ्याच अंशी टिकते.

पुढे पत्ते आणि कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची. ~ हे चिन्ह म्हणजे आपला होम फोल्डर. टिंबाने सुरू होणारी नावं एरवी दिसत नाहीत, ती कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतात.

कोणता फाइल मॅनेजर निवडावा यावर फार वेळ घालवू नये. लिनक्सवर ग्नोम, एक्सएफसीई, केडीई असे वेगवेगळे डेस्कटॉप असतात आणि प्रत्येकाचा आपला फाइल मॅनेजर असतो. ग्नोममध्ये नॉटिलस येतो. एक्सएफसीईने २००७ साली आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून थुनार घेतला. केडीईने २००८ मध्ये चौथ्या पिढीपासून डॉल्फिन मुख्य केला. २०१२ मध्ये नॉटिलसच्या ३.६ आवृत्तीतून एफ-३ दाबून खिडकीचे दोन भाग करण्याची सोय काढून टाकली गेली. तेव्हा लिनक्स मिंट या वितरणाच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) मंडळींनी आधीची ३.४ आवृत्ती घेऊन तिचा नेमो केला, आणि त्यात ही सोय आजही आहे. डॉल्फिनमध्येही एफ-३ तेच काम करतं. थुनारमध्ये दुभागणी ४.१८ पासून आली. दोन फोल्डरांमध्ये सतत फाइली हलवत असाल तर ही एकच सोय निवड ठरवायला पुरेशी आहे.

दोन मिनिटांची कामं

होम फोल्डरमध्ये ‘टेम्प्लेट्स’ नावाचा एक फोल्डर असतो आणि तो बहुतेकांकडे वर्षानुवर्षं रिकामा पडलेला असतो. त्यात एक कोरी मजकूर-फाइल, एक कोरं स्प्रेडशीट, आपल्या नेहमीच्या पत्राचा सांगाडा टाकून ठेवा. मग कुठल्याही फोल्डरच्या रिकाम्या जागेत राइट क्लिक केलं, की ‘नवीन डॉक्युमेंट’ या उपमेनूत या फाइली दिसतात; निवडाल तिची प्रत तिथे तयार होते. हा फोल्डर निरुपयोगी समजून काही जण काढून टाकतात, आणि पुढच्या लॉगिनला गडबड होते. अशा खास फोल्डरांचे पत्ते ~/.कॉन्फिग/युजर-डर्स.डर्स या फाइलीत असतात. लॉगिनच्या वेळी तिथला एखादा फोल्डर सापडला नाही, तर त्याच्या नोंदीत थेट होम फोल्डरचा पत्ता लिहिला जातो. नंतर ‘टेम्प्लेट्स’ पुन्हा तयार करूनही मेनू रिकामाच राहतो, तो यामुळे. त्या फाइलीतली ओळ हाताने दुरुस्त करून पुन्हा लॉगिन केलं की मेनू परत येतो.

साइडबारमधले बुकमार्क ~/.कॉन्फिग/जीटीके-३.०/बुकमार्क्स या फाइलीत असतात. नॉटिलस, नेमो, थुनार आणि काजा (मेटे डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर) ही एकच फाइल वाचतात. एका ओळीत एक पत्ता, मग एक जागा सोडून दाखवायचं नाव. पत्त्यात मोकळी जागा चालत नाही, तिच्याऐवजी %२० लिहावं लागतं. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर ही फाइल उघडल्यावर % चिन्हांची लांबच लांब माळ दिसते. घाबरू नका: यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि एकेक बाइट तीन चिन्हांत लिहिला जातो, म्हणून एका ‘क’ची नऊ चिन्हं होतात. असे पत्ते हाताने लिहिण्यापेक्षा फोल्डर साइडबारवर ओढून टाकावा आणि फाइलीत फक्त दाखवायचं नाव किंवा ओळींचा क्रम बदलावा. डॉल्फिन मात्र आपली यादी ~/.लोकल/शेअर/युजर-प्लेसेस.एक्सबीईएल मध्ये वेगळी ठेवतो.

राइट क्लिकमध्ये आपली कमांड

खरा फायदा इथे आहे. समजा, निवडलेल्या फोटोंच्या लहान प्रती एका क्लिकमध्ये हव्या आहेत. सगळ्या फाइल मॅनेजरांत चालेल असा मार्ग म्हणजे आधी एक छोटी बॅश स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली मजकूर-फाइल) लिहायची आणि मग ती ज्याच्या त्याच्या पद्धतीने मेनूला जोडायची. मूळ काम स्क्रिप्टमध्ये राहिलं की जोडणी बदलणं सोपं जातं.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! आणि त्याला लागून /बिन/बॅश. नंतर "$@" वर फिरणारा लूप, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी तेच काम पुन्हा करणारा भाग. ही चार चिन्हं म्हणजे निवडलेल्या सगळ्या फाइलींची यादी. लूपच्या आत तीन गोष्टी: ‘डरनेम’ कमांडने फाइलीचा फोल्डर काढायचा, त्यात ‘लहान’ नावाचा उपफोल्डर करायचा, आणि इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘कन्व्हर्ट’ने प्रत त्यात लिहायची. (इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत या कमांडचं नाव ‘मॅजिक’ आहे.) आकार द्यायचा १६०० बाय १६०० आणि त्याला जोडून > हे चिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ, फोटो यापेक्षा मोठा असेल तरच लहान कर. हा आकार अवतरणात लिहायलाच हवा. नाहीतर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, इथे बॅश) > ला ‘आउटपुट फाइलीत लिही’ असं समजतं आणि पुढच्या शब्दाला फाइलीचं नाव समजून रिकामी फाइल तयार करून ठेवतं. ‘मॉग्रिफाय’ ही भावंड कमांड इथे वापरू नये, कारण ती प्रत न करता मूळ फोटोवरच लिहिते.

"$@" भोवतीचं दुहेरी अवतरणही असंच महत्त्वाचं. ते काढलं तर ‘सहल १.जेपीजी’ ही एक फाइल ‘सहल’ आणि ‘१.जेपीजी’ अशा दोन फाइली समजली जाते. स्क्रिप्ट काही फोटोंवर चालते आणि काहींवर नाही अशी तक्रार असेल, तर पहिला संशय नावातल्या मोकळ्या जागेवर घ्यावा.

आता जोडणी. नॉटिलसमध्ये ती सर्वांत सोपी: स्क्रिप्ट ~/.लोकल/शेअर/नॉटिलस/स्क्रिप्ट्स या फोल्डरात ठेवायची आणि तिला ‘चालवण्याची परवानगी’ द्यायची. फाइलीचं नाव हेच मेनूतलं नाव, त्यामुळे तिला सरळ ‘फोटो लहान करा’ असं मराठी नाव द्यावं. आत उपफोल्डर केले तर त्यांचे उपमेनू होतात. परवानगी असलेली एकही स्क्रिप्ट नसेल तर ‘स्क्रिप्ट्स’ हा मेनूच दिसत नाही. पायथॉनमध्ये लिहिलेली नॉटिलसची एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्रॅम) याहून जास्त करू शकतात, पण २०२२ च्या ४३ या आवृत्तीत नॉटिलस जीटीके-४ या (खिडक्या-बटणं काढणाऱ्या) नव्या साधनसंचावर गेला आणि जुनी एक्स्टेन्शन्स बंद पडली. साधी स्क्रिप्ट या बदलातून सुखरूप पार पडली. म्हणून जिथे स्क्रिप्टने भागतं तिथे एक्स्टेन्शनच्या वाटेला जाऊ नये.

थुनारमध्ये ‘एडिट’ मेनूतून ‘कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स’ उघडायचं, नाव द्यायचं, आणि कमांडच्या रकान्यात स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहून पुढे % आणि एफ. हा एफ लहान लिपीतला असेल तर कृती एकच फाइल निवडल्यावर दिसते. कॅपिटल असेल तर अनेक निवडल्यावरही दिसते. दुसऱ्या टॅबवर कृती कोणत्या प्रकारच्या फाइलींवर दिसावी याच्या खुणा असतात. केलेली कृती मेनूत दिसत नाही, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दोष या दोन जागांपैकी एकीत सापडतो. पीडीएफसाठी कृती करताना ‘टेक्स्ट फाइल्स’वर खूण करून लोक वाट बघत बसतात; थुनारच्या हिशोबात पीडीएफ ‘अदर फाइल्स’मध्ये मोडते. या सगळ्या कृती ~/.कॉन्फिग/थुनार/यूसीए.एक्सएमएल या एका फाइलीत साठतात (यातला थुनारचा टी कॅपिटल).

नेमोमध्ये ~/.लोकल/शेअर/नेमो/ॲक्शन्स या फोल्डरात प्रत्येक कृतीची एक छोटी फाइल लागते. तिच्या नावाचा शेवट .नेमो_ॲक्शन असाच हवा. आत नाव, चालवायची कमांड, किती फाइली निवडलेल्या असाव्यात आणि फाइलनावांचे कोणते शेवट (.जेपीजीसारखे) चालतील, एवढ्या ओळी पुरतात. डॉल्फिनची फाइल ~/.लोकल/शेअर/केआयओ/सर्व्हिसमेनूज मध्ये जाते. तिचा शेवट .डेस्कटॉप असतो, आणि तिलाही चालवण्याची परवानगी द्यावी लागते. ही अट केडीईत सुरुवातीपासून नव्हती, म्हणून जुन्या मार्गदर्शनात ती सापडत नाही आणि सगळं बरोबर लिहूनही मेनू उमटत नाही.

टर्मिनलमध्ये चालतं, मेनूतून चालत नाही

याची कारणं थोडी आणि ठरलेली आहेत. टर्मिनल उघडलं की बॅश होम फोल्डरमधली .बॅशआरसी फाइल वाचतं, आणि आपण शोधमार्गात (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्या यादीत) घातलेले जादा फोल्डर तिथे लिहिलेले असतात. फाइल मॅनेजर डेस्कटॉपबरोबर सुरू होतो, त्या फाइलीशी त्याचा संबंध येत नाही. त्यामुळे त्याला आपली कमांड सापडतच नाही. उपाय: स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहायचा.

दुसरं, चूक झाली तरी ती दिसायला टर्मिनलची खिडकीच नसते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सगळ्या त्रुटी एका लॉग-फाइलीत वळवणारी ओळ टाकावी आणि शेवटी ‘नोटिफाय-सेंड’ने ‘झालं’ असा संदेश द्यावा. तिसरं कारण क्वचितच सुचतं: विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असतं, ते पहिल्या ओळीला चिकटतं आणि लिनक्स ‘बॅश’ऐवजी ‘बॅश अधिक ते चिन्ह’ या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो.

शिवाय खिडकी बंद केली म्हणजे फाइल मॅनेजर बंद झाला असं नाही. तो मागे चालू राहतो. बदल दिसत नसेल तर टर्मिनलमध्ये ‘नॉटिलस’ किंवा ‘थुनार’ लिहून पुढे -क्यू द्यावं आणि पुन्हा उघडावं.

थंबनेल का दिसत नाही

चित्राची छोटी प्रतिमा फाइल मॅनेजर दरवेळी नव्याने बनवत नाही. ती एकदा तयार होते आणि ~/.कॅश/थंबनेल्स मध्ये पीएनजी म्हणून साठते. नॉर्मल या फोल्डरात १२८ पिक्सेलची, लार्जमध्ये २५६ ची, त्यापुढच्या दोन फोल्डरांत ५१२ आणि १०२४ ची. मूळ फाइलीच्या पूर्ण पत्त्याचा एमडी-५ हॅश (मजकुरावरून गणिताने निघणारी ठरावीक लांबीची खूण) काढला जातो आणि तेच थंबनेलचं नाव होतं. पत्ता दिला की नाव गणिताने मिळतं, त्यामुळे कुठलीही सूची न चाळता प्रतिमा लगेच सापडते. मूळ फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पीएनजीच्या आतच लिहिलेली असते. ती जुळली नाही की थंबनेल नव्याने होतं. याची दुसरी बाजू अशी की फोटोंचा फोल्डर नुसता दुसरीकडे हलवला तरी सगळे पत्ते बदलतात, आणि हजारो थंबनेल पुन्हा बनतात. जुनी तशीच पडून जागा खातात. ~/.कॅश/थंबनेल्स हा संपूर्ण फोल्डर बेधडक पुसावा. लागतील तशी थंबनेल परत तयार होतील.

व्हिडिओंची थंबनेल दिसत नसतील तर ‘एफएफएमपेगथंबनेलर’ हे पॅकेज बहुतेक वितरणांत मिळतं. ते बसवूनही जुने व्हिडिओ कोरेच दिसतात, याला कारण ‘फेल’ हा उपफोल्डर. एखाद्या फाइलीचं थंबनेल जमलं नाही की तशी नोंद तिथे होते, आणि फाइल बदलेपर्यंत पुन्हा प्रयत्नच होत नाही. पॅकेज बसवल्यावर ~/.कॅश/थंबनेल्स/फेल पुसून फाइल मॅनेजर पुन्हा सुरू करावा.

नेटवर्कवरच्या फोल्डरात दुसऱ्या यंत्राने टाकलेली फाइल आपोआप न दिसणं हाही बिघाड नव्हे. आपल्या यंत्रावरचे बदल कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) आयनोटिफाय ही सोय फाइल मॅनेजरला कळवते. ती २००५ मध्ये २.६.१३ या कर्नेलमध्ये आली. दुसऱ्या यंत्रावर झालेला बदल आपल्या कर्नेलमधून जातच नाही, मग तो कळवणार कोण? अशा वेळी एफ-५ दाबावं.

पेनड्राइव्हवरून फाइली काढल्या तरी तो भरलेलाच दिसतो, याचं मूळही रचनेत आहे. एकाच फाइल सिस्टिममध्ये फाइल हलवणं म्हणजे फक्त नोंद बदलणं. दुसरीकडे हलवायची तर सगळा मजकूर कॉपी करावा लागतो. म्हणून पेनड्राइव्हची कचरापेटी पेनड्राइव्हवरच, .ट्रॅश-१००० अशा लपलेल्या फोल्डरात तयार होते. शेवटचा आकडा आपला वापरकर्ता-क्रमांक. पेनड्राइव्ह जोडलेला असताना कचरापेटी रिकामी केली, की जागा मोकळी होते. थेट पुसायचं असेल तर शिफ्ट धरून डिलीट.

नव्या यंत्रावर जाताना काय न्यावं? स्क्रिप्ट आणि कृतींचे फोल्डर, टेम्प्लेट्स, बुकमार्कची फाइल, आणि कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायची ते ठरवणारी ~/.कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट. बुकमार्कमधले पत्ते पूर्ण असतात, तेव्हा वापरकर्त्याचं नाव बदललं असेल तर तेवढं शोधून बदलावं. थंबनेल नेऊ नयेत. फोल्डरांना दिलेल्या खास आयकॉनबाबत मात्र फरक पडतो: डॉल्फिन आयकॉनची नोंद त्या फोल्डरच्याच आत .डिरेक्टरी नावाच्या फाइलीत करतो, त्यामुळे फोल्डर कॉपी केला की आयकॉन सोबत येतो. नॉटिलस आणि नेमो ती नोंद ~/.लोकल/शेअर/जीव्हीएफएस-मेटाडेटा मध्ये पत्त्यानुसार ठेवतात. तिथे आयकॉन पुन्हा एकदा हाताने लावायची तयारी ठेवावी.