किरण कुठे आदळला? ग्राफिक्स कार्डांच्या भांडणाचं खरं मूळ

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स ५०७० हे नवं ग्राफिक्स कार्ड दाखवलं आणि त्यात आधीच्या पिढीतल्या ४०९० या महागड्या कार्डाची ताकद आहे असं जाहीर केलं. किंमत ५४९ डॉलर. ४०९० बाजारात आलं तेव्हा त्याला १५९९ डॉलर मोजावे लागत होते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पैशांत तोच माल! हा दावा खोटा म्हणता येत नाही आणि खराही म्हणवत नाही. त्याचा हिशेब पुढे करूच. पण मुळात ही कार्डं कोणत्या कामावरून एकमेकांशी भांडतात हे आधी बघायला हवं. ‘रे ट्रेसिंग म्हणजे गेममध्ये खरा प्रकाश’ या एका वाक्यावर सगळी जाहिरात चालते. अडचण मात्र प्रकाशात नाहीच, ती शोधाशोधीत आहे.

गेममधलं जग त्रिकोणांचं बनलेलं असतं. भिंत, झाड, माणसाचं नाक, सगळं लहानमोठ्या त्रिकोणांनी मढवलेलं. गेली पंचवीस-तीस वर्षं ग्राफिक्स कार्डं हे त्रिकोण एकेक करून घेतात आणि पडद्यावर तो कोणते पिक्सेल झाकतो ते काढून रंग भरतात. या पद्धतीला रास्टरायझेशन म्हणतात. ती अफाट वेगवान आहे, पण एका त्रिकोणाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. मग आपली सावली शेजाऱ्यावर पडते का, समोरच्या काचेत आपण दिसतो का, हे त्याला कळणार कसं? त्यामुळे सावल्या, प्रतिबिंबं, भिंतीवरून परावर्तित होऊन खोलीभर पसरणारा उजेड हे सगळं वेगवेगळ्या क्लृप्त्यांनी उभं केलं जायचं. कित्येक गेममध्ये उजेड आधीच हिशेब करून भिंतींवर रंगवून ठेवलेला असतो. दिवा फोडला तरी भिंत उजळलेलीच!

रे ट्रेसिंग उलट बाजूने सुरू होतं. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण गेमच्या जगात सोडायचा आणि तो पहिल्यांदा कशावर आदळतो ते बघायचं. तिथून एक किरण दिव्याकडे पाठवायचा. वाटेत काही आडवं आलं तर ती जागा सावलीत. पृष्ठभाग चकचकीत असेल तर परावर्तनाच्या नियमाने आणखी एक किरण पुढे.

म्हणजे इथे किरण डोळ्यातून निघतो. युक्लिडला माणसाची नजर अशीच चालते असं वाटत होतं. आपल्याकडे न्यायदर्शनातही डोळा तेजाचा बनलेला असून त्याचा किरण वस्तूपर्यंत जाऊन पोचतो असं मानलं जाई, आणि दिङ्नागासारख्या बौद्ध तार्किकांनी तेव्हाच त्याला विरोध केला होता. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैथमने हा समज पद्धतशीरपणे मोडून काढला. संगणकात ही उलटी चाल खपून जाते, कारण प्रकाशाचा मार्ग उलट दिशेने काढला तरी तोच राहतो, आणि दिव्यातून निघालेल्या बहुतेक किरणांचं आपल्या डोळ्याशी काहीच देणंघेणं नसतं. त्यांचा माग काढणं म्हणजे वाया मेहनत. डोळ्यातून खरोखर काही निघत नाही. म्हणून नव्या कार्डाला कुणाची नजर लागत नाही आणि कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधायची गरज नाही. आणि हो, न्यायदर्शनात रे ट्रेसिंग शोधणाऱ्यांनी फॉरवर्ड करण्याआधी दिङ्नागाची आठवण ठेवावी.

कल्पना जुनी आहे. १९६८ मध्ये आयबीएमच्या आर्थर अपेल यांनी संगणकावर किरण सोडून छाया काढल्या. १९८० साली बेल लॅब्सच्या टर्नर व्हिटेड यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यात किरण आदळतो, फुटतो, परत आदळतो. पटावर तरंगणाऱ्या गोळ्यांचं त्यांचं एक चित्र काढायला व्हॅक्स-११/७८० या संगणकाला ७४ मिनिटं लागली होती. मला त्या निबंधातला एक आकडा जास्त मोलाचा वाटतो. साध्या दृश्यात संगणकाचा ७५ टक्के वेळ आणि गुंतागुंतीच्या दृश्यात ९५ टक्क्यांपर्यंत वेळ एकाच कामात जात होता: किरण कोणत्या वस्तूला छेदतो हे शोधण्यात. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या देवाणघेवाणीचं सर्वसाधारण समीकरण मांडलं आणि भौतिकशास्त्राच्या बाजूने फारसं काही उरलं नाही. उरली ती ही शोधाशोध.

ती केवढी आहे? ‘फोर के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. दृश्यात एक कोटी त्रिकोण धरा. प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणाशी ताडून पाहायचा तर एका फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रासाठी, ८३ लाख कोटी तपासण्या होतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. हे कोणत्याही कार्डाच्या बापाला जमणार नाही.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या भागाकडे येतो. समजा तुम्हाला विचारलं, समृद्धी महामार्ग कोणाकोणाच्या शेतातून गेला? तुम्ही महाराष्ट्रातला प्रत्येक सातबारा काढून बघत बसणार नाही. आधी जिल्हे बघाल. ३६ पैकी १० जिल्ह्यांतून तो जातो. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, नांदेड असे २६ जिल्हे एका फटक्यात बाद, त्यांच्यातल्या लाखो गटांसकट. मग उरलेल्या जिल्ह्यांतले तालुके, मग गावं, आणि शेवटी गट नंबर. रे ट्रेसिंग हेच करतं. जवळजवळचे त्रिकोण एका अदृश्य खोक्यात भरायचे, जवळजवळची खोकी मोठ्या खोक्यात, असं करत सगळं जग एका खोक्यात येईपर्यंत. किरण मोठ्या खोक्याला लागलाच नाही तर आतल्या कशाचीही चौकशी करायची नाही. प्रत्येक पायरीला दोन भाग केले तरी एक कोटी त्रिकोणांसाठी साधारण २४ पायऱ्या पुरतात. खोकी एकमेकांत घुसलेली असतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही डझन तपासण्या होतात. पण कुठे एक कोटी आणि कुठे काही डझन! या रचनेला बीव्हीएच म्हणतात. आपण खोक्यांचं झाड म्हणू.

किरण खोक्याला लागला की नाही हे ठरवण्याची युक्ती नववी-दहावीच्या निर्देशक भूमितीत बसते. कागदावर, दोनच मितींत करू. खोका क्ष-अक्षावर ४ ते ६ आणि य-अक्षावर १ ते ३ असा आहे. किरण आरंभबिंदूतून निघाला आणि दर क्षणाला क्ष दिशेत १, य दिशेत १ सरकतो. क्ष-पट्ट्यात तो क्षण ४ ते ६ या काळात असतो आणि य-पट्ट्यात क्षण १ ते ३ या काळात. दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी तो कधीच नसतो, म्हणून खोका हुकला. आता किरणाने दर क्षणाला क्ष दिशेत २ आणि य दिशेत १ असं सरकायचं ठरवलं. क्ष-पट्टा २ ते ३, य-पट्टा १ ते ३. दोन ते तीन या काळात तो दोन्हींत आहे, म्हणून खोका लागला. नियम एवढाच: आत शिरण्याच्या वेळांतली सर्वांत उशिराची वेळ ही बाहेर पडण्याच्या वेळांतल्या सर्वांत लवकरच्या वेळेआधी यायला हवी. तिसरी मिती आली तरी आणखी एक पट्टा, बाकी तेच. सहा वजाबाक्या, सहा गुणाकार आणि थोडी तुलना. एवढं साधं गणित असेल तर ते कायमचं सिलिकॉनमध्ये कोरून टाकता येतं, आणि ‘रे ट्रेसिंग कोअर’ नावाच्या भागात मुख्यतः हेच कोरलेलं असतं. त्यात प्रकाश औषधालाही नसतो.

खोकी कशी पाडायची यात आणखी एक गंमत आहे. मोठ्या खोक्यातून आरपार जाणारा कोणताही किरण आतल्या लहान खोक्यालाही लागेल याची शक्यता दोघांच्या पृष्ठफळांच्या गुणोत्तराइतकी असते, घनफळांच्या नव्हे. एक बाय एक बाय एकचा ठोकळा घ्या. घनफळ १, पृष्ठफळ ६. चार बाय चारची, एक सोळांश जाडीची फरशी घ्या. घनफळ तेच १, पण पृष्ठफळ ३३. म्हणजे तिला किरण साडेपाच पट जास्त वेळा लागणार आणि तेवढ्या वेळा आत डोकवावं लागणार. म्हणून झाड रचणारा प्रोग्रॅम सतत पृष्ठफळ कमी ठेवायला धडपडतो. त्यात गेममधली माणसं पळत असतात, दारं उघडतात. दर फ्रेमला अख्खं झाड नव्याने लावायला वेळ नसतो. मग प्रत्येक वस्तूचं वेगळं लहान झाड ठेवून वर एक छोटं झाड तेवढं पुन्हा रचतात, आणि पळणाऱ्या माणसाची खोकी नुसती ताणून-आवळून घेतात. ताणता ताणता खोकी फुगतात, एकमेकांवर चढतात, शोध मंदावतो, आणि कधीतरी नव्याने रचावंच लागतं.

आता कंपन्यांचं भांडण. मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्ट-एक्समध्ये, म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये, रे ट्रेसिंगची सोय जाहीर केली. ऑगस्टमध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स २०८० घराण्याची कार्डं जाहीर केली. त्यांच्या कोअरमध्ये खोक्यांची तपासणी, त्रिकोणांची तपासणी आणि झाडावरून फांदी-फांदीने उतरत जाणं अशी तिन्ही कामं स्वतंत्र हार्डवेअरकडे होती. त्या नोव्हेंबरमध्ये बॅटलफिल्ड फाइव्ह या गेममध्ये रे ट्रेसिंगची प्रतिबिंबं आली, फ्रेमचा वेग कोसळला, लोकांनी चेष्टा केली. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडी दोन वर्षांनी, २०२० मध्ये, आरएक्स ६००० मालिका घेऊन उतरली आणि तिने वेगळा डाव टाकला. खोकी आणि त्रिकोण तपासायला हार्डवेअर, एका ठोक्यात चार खोकी किंवा एक त्रिकोण. पण पुढे कोणत्या फांदीवर जायचं हे ठरवायचं काम नेहमीच्या शेडरकडे, म्हणजे सर्वसाधारण गणितं करणाऱ्या भागाकडे. याने सिलिकॉन वाचलं, आणि हीच रचना प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये गेली. कन्सोलच्या किमतीत बसायचं तर हा निर्णय शहाणपणाचाच होता, असं माझं मत आहे.

पण शेडरला झाडावर चढवणं महाग पडतं. ग्राफिक्स कार्डात धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी छोटी कामं, गटाने चालतात, एनव्हिडियात ३२, एएमडीत ३२ किंवा ६४. गटातल्या सर्वांना एका वेळी एकच सूचना मिळते. कॅमेऱ्यातून निघालेले शेजारी किरण एकाच फांदीने जातात, तोवर ठीक. खडबडीत भिंतीवर आदळून ते दाही दिशांना फुटले की एकाला डावी फांदी हवी, दुसऱ्याला उजवी, तिसऱ्याचं काम संपलेलं. अख्खा गट सर्वांत मागे राहिलेल्यासाठी थांबतो. शिवाय प्रत्येकाला मेमरीच्या वेगळ्या कोपऱ्यातलं काहीतरी हवं असतं. एनव्हिडियाने २०२२ च्या ४० मालिकेत विखुरलेले धागे पुन्हा सारख्या कामांप्रमाणे लावून घेण्याची सोय केली. या शर्यतीत नव्याने आलेल्या इंटेलच्या आर्क कार्डांतही अशी क्रमवारी लावणारा भाग आहे आणि झाडाची चढउतारही हार्डवेअरमध्येच आहे. मार्च २०२५ च्या आरएक्स ९०७० एक्सटीमध्ये एएमडीने तपासण्यांचा वेग दुप्पट केला आणि आतल्या वस्तूच्या कलाप्रमाणे तिरकी वळवलेली खोकी आणली. तिरक्या पडलेल्या खांबाभोवती सरळ खोका म्हणजे बहुतेक रिकामी हवाच, त्यामुळे ही सुधारणा नेमकी जागेवर बसली. झाडावरची चाल मात्र बहुतांशी शेडरकडेच राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडी यांनी मिळून भविष्यातल्या चिपसाठी ‘रेडियन्स कोअर’ जाहीर केले. ही चाल आता पूर्णपणे वेगळ्या हार्डवेअरकडे जाणार आहे. एनव्हिडियाने २०१८ मध्ये लावलेली पैज बरोबर होती, याची याहून मोठी कबुली नको.

एवढं करूनही एका पिक्सेलला एक-दोन किरणच परवडतात, आणि चित्र मुंग्या आलेल्या टीव्हीसारखं दिसतं. हे दाणे दहापट कमी करायचे तर किरण शंभरपट लागतात. संख्याशास्त्राचा हा वर्गमुळाचा नियम कुणालाच चुकत नाही. म्हणून मागच्या फ्रेममधली माहिती वापरून दाणे पुसले जातात, लहान आकारात काढलेलं चित्र न्यूरल नेटवर्कने मोठं केलं जातं, आणि दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम अंदाजाने भरल्या जातात. पहिल्या दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. तिसरीपाशी ह्वांग यांचा दावा उलगडतो. ५०७० एका खऱ्या फ्रेममागे तीन अंदाजी फ्रेम घालू शकतं, ४०९० एकच. समजा ५०७० ने सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम काढल्या आणि ४०९० ने ६०. पडद्यावर दोघांचा आकडा १२० दिसेल. पण तुम्ही बटण दाबल्याचा परिणाम फक्त खऱ्या फ्रेममध्ये उतरतो, त्यामुळे हाताला एक कार्ड ३० चं लागेल आणि दुसरं ६० चं. शिवाय खोक्यांचं झाडही कार्डाच्या मेमरीतच राहतं, आणि ५०७० कडे १२ जीबी आहे, ४०९० कडे २४.

दरम्यान गेम बनवणारे पुढे गेले आहेत. मेट्रो एक्झोडसच्या २०२१ च्या आवृत्तीनंतर डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा डूम हे गेम रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाहीत. उजेड आधी भिंतींवर रंगवून ठेवायचं किचकट काम त्यामुळे वाचतं, हे त्यामागचं व्यावहारिक कारण.

पानं मात्र अजून त्रास देतात. गेममधलं पान म्हणजे बहुधा दोन त्रिकोणांवर चिकटवलेलं चित्र, कडेने पारदर्शक. किरण त्रिकोणाला लागला तरी पानाला लागला की शेजारच्या हवेला, हे हार्डवेअरला ठाऊक नसतं. ते थांबून शेडरला विचारतं, उत्तर येतं ‘हवा’, किरण पुढच्या पानाकडे जातो, पुन्हा तोच प्रश्न. दाट जंगलात हे एका किरणासाठी अनेकदा होतं. ४० मालिकेपासून एनव्हिडियाने त्रिकोणाचे बारीक तुकडे करून प्रत्येकावर आधीच ‘भरीव’, ‘पोकळ’ किंवा ‘ठाऊक नाही’ असा शिक्का मारायची सोय केली. आता शेडरला फक्त तिसऱ्या शिक्क्याच्या तुकड्यांसाठी उठवावं लागतं, आणि असे तुकडे बहुतेक पानाच्या कडेलाच असतात.