लेपित ग्रॅफाइट दळू नये : ॲनोड पावडरीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी (ऋण इलेक्ट्रोडसाठी) आमच्याकडून लेपित ग्रॅफाइट नेणारे ग्राहक, मग ती महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो वा मुंबई परिसरातील सेल बनवणारा छोटा कारखाना, एक तक्रार वरचेवर करतात : पहिल्याच चार्जमध्ये क्षमता फार घटते, तेव्हा मालात खोट असावी. चौकशी केली की बहुधा कळते, स्लरी (फॉइलवर पसरायचे पातळ मिश्रण) करण्यापूर्वी पावडर खलात किंवा बॉल मिलमध्ये दळलेली असते.

वाहतुकीत दबून किंवा पावसाळ्यात डबा उघडा राहून पावडरीच्या गाठी होतात. या गाठी बोटाने दाबल्या तरी फुटतात. पण माल जाडाभरडा आहे असे समजून तो दळला जातो, आणि नुकसान तिथेच होते. प्रत्येक कण गोलसर करून, त्यावर पिचचा (डांबरासारख्या पदार्थाचा) पातळ थर चढवून, निष्क्रिय वायूच्या भट्टीत सुमारे 1000 अंश सेल्सिअसला भाजल्यावर त्यावर कार्बनचा लेप बसतो. दळताना हा लेप फुटतो, ग्रॅफाइटच्या थरांच्या कडा उघड्या पडतात आणि इलेक्ट्रोलाइटला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. पहिल्या चार्जमध्ये इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन एसईआय हा संरक्षक थर तयार होतो; पृष्ठभाग जितका जास्त, तितके अधिक लिथियम या थरात कायमचे अडकते. पूर्ण सेलमध्ये लिथियम कॅथोडमधूनच (धन इलेक्ट्रोडमधूनच) येत असल्याने ही तूट पुढे भरून निघत नाही. दळल्याने क्षमता वाढेल ही समजूतही चुकीची आहे, कारण ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास हीच राहते.

गाठी असल्यास पावडर हलक्या हाताने चाळावी. सीएमसी (स्लरी दाट करणारे सेल्युलोजचे संयुग) आधी पाण्यात पूर्ण विरघळवावे, कारण स्लरीतील गुठळ्या पुष्कळदा त्याच्याच असतात. मग कंडक्टिव्ह कार्बन आणि ग्रॅफाइट घालावे, आणि एसबीआर (कण चिकटवून धरणारे रबर) सर्वांत शेवटी, मंद गतीने मिसळावे. तांब्याच्या फॉइलवरील इलेक्ट्रोड निर्वातात सुमारे 110 अंशांवर नीट वाळवावा. मुंबईच्या दमट हवेत याला फाटा देऊ नये. उरलेले पाणी इलेक्ट्रोलाइटमधील क्षाराशी संयोग पावून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करते.

साध्या ग्रॅफाइटपेक्षा आमच्या मालाचा दर अधिक आहे तो या लेपामुळे, आणि म्हणूनच दळलेला माल आम्ही परत घेत नाही. मात्र प्रत्येक बॅचचा नमुना आम्ही राखून ठेवतो. शंका असल्यास त्याच नमुन्यातून थोडी पावडर न दळता वापरून तुलना करण्यासाठी दिली जाते. बारीक कणच हवे असतील तर मागणी नोंदवताना तसे सांगावे, म्हणजे आधी बारीक करून नंतर लेप दिलेला माल पाठवता येईल.