फोनची तार आणि मोबाइलचा टॉवर, एकाच राउटरमध्ये

घर टेलिफोन एक्स्चेंजपासून पाच किलोमीटरवर असेल, तर जाहिरातीतल्या इंटरनेटच्या वेगाला काही अर्थ उरत नाही. फोनच्या तारेवरून इंटरनेट देणारं एडीएसएल-२ प्लस हे तंत्र एक्स्चेंजच्या शेजारी 24 एमबीपीएसपर्यंत जातं. लांबच्या घरी त्यातले मोजके एमबीपीएसच पोचतात. तांब्याच्या तारेत जितकी वारंवारता जास्त, तितका सिग्नल लवकर क्षीण होतो, आणि वेग मिळतो तो नेमका या वरच्या वारंवारतांमधून.

जर्मनी आणि बेल्जियमच्या ग्रामीण भागात हेच दुखणं होतं. फोनची तार दारात होती, फोर-जीचा टॉवरही आवाक्यात होता, पण विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत फायबर न्यायचं तर खोदकामात वर्षं जाणार. डॉइच टेलिकॉमने 2015 च्या सुमारास एक राउटर आणला, ज्यात फोनची तारही लागते आणि सिमकार्डही. आधी तार पूर्ण वापरायची, ती भरली की उरलेला डेटा टॉवरकडे वळवायचा. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तार त्या एकाच घराची असते, टॉवर मात्र साऱ्या गावाचा.

खरी अडचण पुढे आहे. समजा, तारेवरून पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, 20 मिलिसेकंदांत पोचतं आणि टॉवरवरून 60. चौथं पॅकेट टॉवरवरून निघालं, तर पाचवं, सहावं, सातवं तारेवरून त्याच्या आधी येऊन धडकतात. प्रत्येक वेळी घरचा संगणक कळवतो, ‘मला अजून चौथं हवंय.’ हा निरोप तीनदा जादा आला की नेहमीचं टीसीपी, म्हणजे डेटा क्रमाने आणि न हरवता पोचवणारी इंटरनेटची पद्धत, समजतं, पॅकेट हरवलं. ते पुन्हा पाठवतं आणि वेग एकदम खाली आणतं. म्हणजे दोन रस्ते जोडून इंटरनेट उलट मंदावू शकतं!

यावरचा तोडगा म्हणजे मल्टिपाथ टीसीपी. यात प्रत्येक रस्त्याची पॅकेटमोजणी स्वतंत्र असते, त्यामुळे टॉवरवरचा उशीर तारेवरची चूक ठरत नाही; शिवाय मूळ डेटाला वेगळा क्रमांक असतो, त्यावरून शेवटी सगळं जुळवलं जातं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने हे तंत्र 2013 मध्ये प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध केलं, सुधारित आवृत्ती 2020 मध्ये आली. ते घडवण्यात बेल्जियमच्या लूवेन-ला-नव इथल्या विद्यापीठाचा मोठा वाटा आहे, आणि त्याच विद्यापीठातून निघालेल्या टेसारेस कंपनीने ते ग्रामीण ब्रॉडबँडसाठी वापरलं. जगातल्या बहुतेक वेबसाइटना ही भाषा येत नाही, म्हणून इंटरनेट पुरवणारी कंपनी आपल्या नेटवर्कमध्ये एक मध्यस्थ सर्व्हर ठेवते: घरापासून त्याच्यापर्यंत दोन रस्ते, पुढे साधं टीसीपी.

मर्यादा आहेतच. संध्याकाळी सारं गाव मोबाइलवर असतं, तेव्हा टॉवरकडून जादा वेग फारसा मिळत नाही.

आपल्या खेड्यांत तांब्याच्या तारा फारशा नाहीत, पण मल्टिपाथ टीसीपीला तार कसली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. भारतनेटचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतं. रस्त्याच्या कामात ते तुटलं, तर चालू असलेलं डाउनलोड किंवा अर्धा भरलेला ऑनलाइन अर्ज टॉवरवर सरकवून तसाच चालू ठेवणं या तंत्राने शक्य आहे.